पासवर्ड हलवताना मागे राहणारी फाइल

आज व्याजदराचं बोलणार नाही, मुदत ठेवींचंही नाही.

मागच्या वर्षी आमच्या इंदूरच्या शाखेत एक निवृत्त शिक्षक घाईघाईने आले. नवा फोन घेतला होता आणि पासवर्ड मॅनेजरही बदलायचा होता. जुन्यात चाळीसेक पासवर्ड होते : नेटबँकिंग, वीजबिल, गॅस, आयकर, ईमेल. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या संगणकावर हे काम दहा मिनिटांत झालं. रात्री मुलाने फोनवर विचारलं, "बाबा, ती फाइल पुसली ना?" सर म्हणाले, "कुठली फाइल?"

मॅनेजर आपले पासवर्ड कुलपात ठेवतो. पण एकातून दुसऱ्यात न्यायचे म्हणून आपण 'एक्सपोर्ट' करतो, तेव्हा बहुतेक वेळा सीएसव्ही नावाची साधी फाइल तयार होते. तिला कुलूप नसतं. संकेतस्थळ, युजरनेम, पासवर्ड, सगळं ओळीने लिहिलेलं. ज्याला फाइल सापडेल त्याला ती वाचता येते. सरांची फाइल दुकानातल्या संगणकाच्या डाउनलोड्समध्ये तशीच पडली होती.

आम्ही त्यांना आधी ईमेलचा पासवर्ड बदलायला सांगितलं. नेटबँकिंग दुसरं. कारण बाकी बहुतेक ठिकाणचे 'पासवर्ड विसरलात?' चे दुवे ईमेलवरच येतात. पासवर्ड त्यांनी स्वतःच्या फोनवर स्वतः बदलले. आम्ही विचारले नाहीत, तुम्हीही कुठल्याच बँक कर्मचाऱ्याला सांगू नका. पैसे गेले नाहीत, पण दुपार गेली आणि सरांची झोपही.

मॅनेजर बदलावाच लागतो, कधी आपल्या इच्छेविरुद्धही. मायक्रोसॉफ्ट ऑथेंटिकेटरमध्ये पासवर्ड ठेवणाऱ्यांवर 2025 मध्ये हीच वेळ आली. जुलैत त्यातली ऑटोफिलची सोय बंद झाली आणि ऑगस्टपासून साठवलेले पासवर्ड तिथे दिसेनासे झाले. तेव्हा हलवायला घाबरू नका, फक्त घरच्या संगणकावर हलवा. सायबर कॅफे नको, ऑफिसचा संगणक नको, भाच्याचा लॅपटॉपही नको. भाचा चांगलाच असेल हो, पण त्याच्या लॅपटॉपवर काय काय आहे ते त्यालाही माहीत नसतं.

फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलने स्वतःलाच पाठवू नका. ती डेस्कटॉपवर ठेवली आणि वनड्राइव्ह चालू असेल, तर तिची एक प्रत क्लाउडवरही जाऊ शकते. एक्सेलमध्ये उघडून 'सेव्ह' करण्याचा मोहही टाळा. नुसत्या आकड्यांचा पासवर्ड शून्याने सुरू होत असेल, तर एक्सेल ते शून्य खाऊन टाकतं. मग नवा मॅनेजर चुकीचा पासवर्ड भरत राहतो, आपण तीन-चारदा प्रयत्न करतो आणि नेटबँकिंग लॉक होतं. शाखेत येणाऱ्या अशा तक्रारी ऐकताना आम्हाला आधी बँकेचाच दोष वाटतो!

फाइल नव्या मॅनेजरमध्ये 'इम्पोर्ट' केली की नोंदी मोजून पाहा : तिकडे बेचाळीस होत्या, इकडे किती? बँक आणि ईमेल उघडून खात्री करा. पासकी वापरत असाल तर त्या सीएसव्हीतून येत नाहीत. नव्या ठिकाणी पुन्हा तयार कराव्या लागतील, तोवर जुनं काही मोडू नका. मग फाइल पुसा, रिसायकल बिनमधूनही. आठवडाभर सगळं नीट चाललं की जुन्या मॅनेजरमधले पासवर्ड काढा. नुसतं अ‍ॅप काढलं तर ते कंपनीच्या खात्यात तसेच राहतात. नव्याचा मास्टर पासवर्ड कागदावर लिहून कपाटात कागदपत्रांसोबत ठेवला तर माझी हरकत नाही. यूपीआय पिन मात्र कुठेच लिहू नका.

रिझर्व्ह बँकेने 2017 च्या परिपत्रकात खातेदाराच्या जबाबदारीचे नियम घातले. त्यांत दोष ना बँकेचा ना खातेदाराचा, मधल्याच कुणाचा असेल आणि त्याने तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर भार येत नव्हता. पण पासवर्ड त्याच्याच निष्काळजीपणाने बाहेर गेला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं होतं. म्हणून संशय आला की आधी बँकेला फोन करा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 वरही. शाखा उघडण्याची वाट पाहू नका.

सरांनी दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन फाइल पुसून घेतली. दुकानदाराने विचारलं, "सर, तिच्यात एवढं काय होतं?" सर म्हणाले, "जुन्या कविता."