बर्फावर खेळणाऱ्या मुली

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनी आपल्यापैकी एकीने उभे राहून चार शब्द बोलावे असा मंडळाचा रिवाज आहे. मागे कोणी बाळंतिणीच्या आहारावर बोलले, कोणी बचतीवर बोलले. यंदा माझी पाळी आली. मी विषय सांगितला तेव्हा सचिवबाईंना हसू आवरेना. "अगं, धानोऱ्यात बर्फ कुठला?" म्हणाल्या. त्यांचे म्हणणे खरेच आहे. आपल्याकडे बर्फ म्हणजे मार्कंड्याच्या जत्रेतला रंगीत गोळा, नाही तर मासळीच्या पेटीतला चुरा. पौष महिन्यात शेकोटीपाशी आपण कितीही कुडकुडलो तरी तलावाचे पाणी काही गोठत नाही. पण मी बोलणार आहे ती बर्फावर हॉकी खेळणाऱ्या मुलींविषयी. मी सातवी शिकलेली बाई. वर्तमानपत्रात जे वाचले आणि मुलाने मोबाईलवर जे दाखविले, त्यातून हे जमविले आहे.

आधी खेळ सांगते. पायात बूट, बुटाच्या तळाला लोखंडी पाते, आणि त्या पात्यावर तोल सांभाळून बर्फावरून धावायचे. हातात लांब काठी. चेंडू नसतो. त्याऐवजी कडक रबराची एक चकती असते, आपल्या अनारशाएवढी, पण इंचभर जाड. ती उसळू नये म्हणून खेळापूर्वी गोठवून ठेवतात. एका बाजूला सहाजणी, त्यांतली एक गोल राखणारी. वीस वीस मिनिटांचे तीन डाव. दम इतका लागतो की मिनिटभर खेळून मुली बाहेर येतात आणि दुसऱ्या आत जातात. म्हणून संघात वीस-बावीस मुली लागतात.

आपल्या भारताचा मुलींचा असा संघ आहे. त्यातल्या बहुतेक मुली लडाखच्या. लडाख म्हणजे हिमालयापलीकडचा उंच, कोरडा मुलूख. त्यातले लेह हे गाव समुद्रापासून साडेअकरा हजार फुटांवर आहे. 2011 सालच्या शिरगणतीत साऱ्या लडाखची वस्ती भरली 2 लाख 74 हजार. आपल्या एकट्या गडचिरोली जिल्ह्याची त्याच साली 10 लाख 72 हजार होती. म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या चौथ्या हिश्शाएवढी माणसे, आणि तेवढ्यांतून साऱ्या देशाचा संघ उभा राहिला आहे. हा आकडा मी मुलाकडून दोनदा तपासून घेतला, कारण मला तो खरा वाटेना.

हा खेळ तिकडे रुजविला तो मुख्यतः लष्करातल्या जवानांनी. सुरुवातीला सामान कसले? लष्करी बुटांच्या तळाला लोखंडी पट्ट्या ठोकायच्या आणि खेळायचे. बर्फही घरचाच. लेहमध्ये करझू नावाचे तळे आहे. डिसेंबर उजाडला की रात्री त्यावर पाण्याचा पातळ थर द्यायचा, तो गोठला की दुसरा, मग तिसरा. आपण अंगण सारवताना एकदम जाड लपका टाकीत नाही, हात हात फिरवून थर देतो, अगदी तसेच. हिमवर्षाव झाला तर फावड्याने तो ओढून काढायचा आणि पुन्हा पाणी द्यायचे. इतके करून तो बर्फ टिकतो दोन महिने. फेब्रुवारी सरता सरता उन्हाने वितळू लागतो आणि खेळ संपतो. वर्षाचे उरलेले दहा महिने मुलींनी काय करायचे? पळायचे, चाकाचे बूट घालून सिमेंटवर सराव करायचा आणि पुढच्या थंडीची वाट पाहायची.

तळ्यावर मुलींना जागा मिळे ती मुलांचे आटोपल्यावर, असे त्या मुलींनीच पुढे सांगितले आहे. सामानही मुलांचे वापरलेले, एकीने घालून दुसरीला द्यायचे. लेहजवळ फे गावी सेकमॉल नावाची संस्था आहे. तिने आपल्या आवारातल्या तळ्यावर मुलींना खेळू दिले, शिकविले. पहिल्या संघातल्या कित्येकजणी तिथल्याच. घरच्यांची कुरकुर असणारच. पोरगी पडली, दात पडला, हात मोडला तर पुढे कसे, ही काळजी लेहच्या आईला वाटते तशी धानोऱ्याच्या आईलाही वाटते, त्यात नवल नाही. संघातली एक गोल राखणारी मुलगी आहे, नूरजहाँ तिचे नाव. एरवी ती जुन्या भिंतीवरची चित्रे आणि कापडावरची देवाची चित्रे दुरुस्त करण्याचे नाजूक काम करते. तेच हात खेळताना अंगावर येणारी चकती अडवितात. मला तिचे फार कौतुक वाटते.

आता मुख्य गोष्ट. जगातल्या बर्फावरच्या हॉकीची जी मोठी संघटना आहे, तिचा भारत सभासद झाला 1989 साली. मुलींचा संघ पहिल्यांदा परदेशी खेळायला गेला तो 2016 साली, तैपेई शहरी आशियाच्या स्पर्धेसाठी. मधली सत्तावीस वर्षे मुली नव्हत्या असे नव्हे. त्यांना कोणी नेले नाही. खेळाच्या संघटनेजवळ पैसा नव्हता, म्हणून लोकांपुढे झोळी पसरून वर्गणी गोळा करावी लागली. तैपेईला मुली गेल्या आणि प्रत्येक सामना हरल्या.

का हरल्या ते नीट ऐका. स्पर्धेचे मैदान साठ मीटर लांब आणि छपराखालचे. तिथला बर्फ यंत्राने गोठविलेला, आरशासारखा गुळगुळीत. लेहच्या तळ्यावरचा खरखरीत बर्फ आणि हा बर्फ यांत, आपल्या भाषेत सांगायचे तर, शेताचा बांध आणि डांबरी सडक एवढा फरक. जिच्या पायाला एकाची सवय, तिला दुसऱ्यावर तोल सावरता सावरता पुरे होते.

आणि समोर कोण होते? सिंगापूर. पुढच्या साली फिलिपाईन्स आणि मलेशिया. नकाशा काढून पाहा. यांपैकी एकाही देशाच्या गावात हिवाळ्यात बर्फ पडत नाही. आपल्यासारखीच, किंबहुना आपल्याहून उष्ण हवा, नारळाची झाडे, समुद्र. पण तिथे मोठ्या बाजाराच्या इमारतींत यंत्राने बर्फ गोठवून बारा महिने मैदान चालू ठेवतात. आपल्याकडे सारा हिमालय उभा आहे. देहरादूनला 2011 साली दक्षिण आशियाच्या हिवाळी खेळांसाठी तसे मोठे मैदान बांधलेही होते. पण खेळ आटोपले, विजेचा खर्च झेपेना, आणि ते कित्येक वर्षे बंद पडले. ते पुन्हा उघडले 2025 साली. म्हणजे एकशेचाळीस कोटींचा देश या खेळात लहान, आणि बोटाएवढे सिंगापूर मोठे. लहान-मोठेपण माणसांच्या संख्येवर किंवा डोंगराच्या उंचीवर ठरत नाही. मुलीला रोज उभी राहायला जागा कोणी दिली, यावर ठरते. मला तरी तसे वाटते. कोणा भगिनीचे मत निराळे असेल तर चहाच्या वेळी जरूर सांगावे.

हरून आल्या म्हणून त्यांना घरी बसविले असते तर पुढचे सांगायला मी उभीच राहिले नसते. दुसऱ्या साली, 2017 च्या मार्चमध्ये, बँकॉकला त्या पुन्हा गेल्या. फिलिपाईन्सशी सामना झाला आणि 4 विरुद्ध 3 असा जिंकला. परदेशाशी जिंकलेला हा त्यांचा पहिला सामना. या खेळात अशी रीत आहे की सामना संपला की जिंकणाऱ्या देशाचे राष्ट्रगीत वाजवितात आणि दोन्ही संघ ओळीने उभे राहून ते ऐकतात. तोवर त्यांनी दुसऱ्यांचीच राष्ट्रगीते ऐकली होती. त्या दिवशी आपले वाजले, तेव्हा त्या पोरी रडल्या. त्यानंतर मलेशियालाही 5 विरुद्ध 4 असे हरविले. पुढे 2025 च्या जूनमध्ये अरब मुलखातल्या अल ऐन शहरी आशिया चषकात त्यांनी कांस्यपदक मिळविले. वाळवंटात जाऊन बर्फावरचे पदक! माझ्या सासूबाई म्हणाल्या, "ह्या जगाचं काही खरं नाही बाप्पा."

मधल्या काळात आणखी एक घडले. कॅनडा देशाची हेली विकेनहायझर म्हणून या खेळातली फार नामांकित बाई आहे. ऑलिम्पिकची चार सुवर्णपदके तिच्याजवळ आहेत. ती 2018 च्या जानेवारीत आपल्या माणसांबरोबर सामानसुमान घेऊन लेहला आली, कडाक्याच्या थंडीत त्या मुलींबरोबर खेळली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात संघाला आपल्या कॅलगरी शहरी खेळायला बोलावून घेतले.

या कॅलगरीवरून जुनी गोष्ट आठवते. 1988 साली तिथेच हिवाळी ऑलिम्पिक भरले होते. जमैका म्हणून वेस्ट इंडिजमधला एक उष्ण देश, क्रिकेटमुळे आपल्या पोरांना ठाऊक असलेला. तिथली चार माणसे बर्फाच्या नळीतून घसरगाडी हाकायला गेली. गाडी उलटली, तेव्हा ते तिच्याबाजूने चालत शेवटापर्यंत गेले. लोक हसले. सहा वर्षांनी नॉर्वेत तेच जमैकावाले चौदावे आले, आणि अमेरिकेची गाडी त्यांच्या मागे राहिली. यावर पुढे सिनेमा निघाला, म्हणून ते जगाला माहीत आहेत. पण त्याच 1988 च्या कॅलगरीत शैलजा कुमार नावाची आपली मुलगी बर्फाच्या उतारावरून वळणे घेत घसरण्याच्या शर्यतीत उतरली होती. हिवाळी ऑलिम्पिकला गेलेली ती पहिली भारतीय स्त्री. उतार संपवून ती अठ्ठाविसावी आली. तिच्यावर सिनेमा नाही. तिचे नाव या सभेत किती जणींनी ऐकले होते, हात वर करा. पाहिलेत? मीही गेल्या महिन्यापर्यंत ऐकले नव्हते.

आता धानोऱ्याकडे येते.

आपल्या मुलींचा कबड्डीचा संघ गेल्या हिवाळ्यात बाहेरगावी स्पर्धेला गेला आणि पस्तीस गुणांनी हरून आला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या जावेची मुलगी त्यात होती. परतल्यावर चौकात काय काय बोलले गेले तेही ठाऊक आहे. पण काय झाले ते तिने मला चुलीपाशी बसून सांगितले. आपल्या पोरी मातीवर, अनवाणी खेळणाऱ्या. तिथे रबरी गादी अंथरलेली, आणि गादीवर बूट घालून खेळायचे. सातजणींपैकी पाचजणींनी बूट त्या सकाळी पहिल्यांदा पायात घातले, तेही मागून आणलेले. पाय आखडले, वळताना घसरल्या, दोघींचे गुडघे सोलवटले. पहिला डाव अंदाज घेण्यातच गेला. दुसऱ्या डावात, पोरगी सांगत होती, त्यांनी बूट काढून ठेवायची परवानगी मागितली. ती मिळाली नाही.

मागच्या बैठकीत यंदाच्या शिलकेचा प्रश्न निघाला. मंडळासाठी खुर्च्या घ्याव्यात असे बहुतेकींचे मत पडले. खुर्च्या हव्यातच. माझ्या गुडघ्यांना विचारा. पण कोणी असेही म्हणाले की पोरींवर खर्च करून काय, त्या तर हरून आल्या. या बोलण्यासाठी मी एवढी लडाखची वाट चालून आले.

आपल्या पोरींना सवड किती, तीही मोजून पाहू. पावसाळ्यात रोवणी. दिवाळीनंतर धानाची कापणी, मळणी. मार्च लागला की पहाटे मोहफुले वेचायला जंगलात, मे महिन्यात तेंदूपत्ता. मध्ये परीक्षा. मोकळे उरतात ते जानेवारी आणि फेब्रुवारी, दोनच महिने. लडाखचा बर्फही बरोबर तेवढेच दिवस टिकतो. तेव्हा जे करायचे ते या दोन महिन्यांच्या आत करावे लागेल, आणि आज मंडळाने ठरविले नाही तर हे वर्षही गेले.

मी मागणी मोठी करीत नाही. खुर्च्या ठरल्या त्याच्या निम्म्या घ्याव्या. उरलेल्या पैशांत बारा जोड बूट येतील, मी गडचिरोलीला दुकानात भाव विचारून आले आहे. गादी विकत घेणे आपल्याला झेपणार नाही. पण जिथे आहे तिथे आठवड्यातून एकदा पोरींना सरावाला नेता येईल, एसटीच्या भाड्याची वर्गणी आपण काढू. मंडळाच्या मागची जागा सपाट करायला प्रत्येक घरातून एक माणूस एक दिवस यावा. संध्याकाळी पाच ते सात पोरींना घरकामातून सोडावे. हे शेवटचे सर्वांत अवघड आहे. त्या दोन तासांचा स्वयंपाक आणि पाणी आपल्याच अंगावर येणार, ते मी लपवीत नाही.

पोरी पुन्हा हरतील का? पहिल्या खेपेला बहुधा हरतील.

जावेची मुलगी परवा विचारीत होती, बुटाचा नंबर कोणाला सांगायचा. मी सचिवबाईंचे नाव सांगून ठेवले आहे. तेव्हा बाई, आता हसू नका, वही काढा.