अभिवचनाला हमी कोणाची?



महाराष्ट्राच्या कारागृह-व्यवहारात पॅरोलला ‘अभिवचन रजा’ असे सार्थ नाव आहे. अभिवचन म्हणजे दिलेला शब्द. ठरल्या दिवशी परत येण्याचा शब्द बंदी देतो आणि त्या शब्दावर शासन त्याला काही दिवस घरी जाऊ देते. माता-पित्यांचे वा पत्नीचे गंभीर आजारपण, निकटच्या आप्ताचा मृत्यू अशा प्रसंगी ही रजा मागता येते. ती शिक्षामाफी नव्हे.

परंतु बंद्याचा एकट्याचा शब्द पुरत नाही. अर्जावर पोलिसांचा अहवाल मागविला जातो. हमीपत्र लिहून देणारा लागतो. १९५९ च्या नियमांनी तर संचित रजेसाठी, म्हणजे फर्लोसाठी, बंद्याला घरी ठेवून घेण्यास तयार असलेला नातलग हवा, अशी अट घातली. नेमके येथेच घोडे अडते. आई अंथरुणाला खिळलेली असते, भाऊ लोकलज्जेने पुढे येत नाही, शेजारी सही करीत नाहीत. मुलगा पोहोचण्यापूर्वीच आई जाते.

बंद्याचे कुटुंबाशी नाते टिकावे, हा पॅरोलचा एक हेतू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र ज्या घराने त्या गुन्ह्यात माणूस गमावला, त्या घराची भीतीही खरी असते. म्हणून हमी डोळे मिटून देऊ नये. बंद्याचे कारागृहातील वर्तन कसे आहे, अर्जातील कारण खरे आहे काय, तो कोठे राहील, पीडित कुटुंबास त्रास होणार नाही ना, याची खात्री करूनच सही करावी.

विश्वासाचा हा मार्ग महाराष्ट्राला नवा नाही. औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत वसविली. तेथे बंदी भिंतींविना, कुटुंबासह राहून शेती करीत. याच प्रयोगावरून व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट निर्माण केला.

सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत ‘स्थितिकरण’ हे एक अंग आहे. मार्गावरून ढळलेल्याला पुन्हा मार्गावर स्थिर करणे, हा त्याचा अर्थ. अर्ज लिहून देणे, आजारपणाचा दाखला मिळवून देणे, पारखून हमी देणे आणि ठरल्या दिवशी बंद्यासोबत कारागृहाच्या दारापर्यंत जाणे, इतके साधे हे कार्य आहे. दिलेला शब्द पाळून तो परत आत जातो, तेव्हा पुढच्या अर्जदाराची वाट सोपी होते.

जयजिनेंद्र!