पोट ‘सुटते’ म्हणजे काय होते?

मराठीत वजन वाढते, वय वाढते, क्वचित पगारही वाढतो. परंतु पुरुषाचे पोट वाढले तर आपण ते ‘सुटले’ असे म्हणतो. गाठ सुटते, वेणी सुटते, गाईचे दावे सुटते. जे सुटते ते आधी बांधलेले असावे लागते, हे या क्रियापदातच गृहीत आहे. शरीरशास्त्राला ही गोष्ट नीट सांगण्यासाठी शवविच्छेदनाची सुरी हाती घ्यावी लागली. भाषेने ती नुसत्या नजरेने ओळखली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

या विषयाशी माझा परिचय दिल्लीतल्या एका जानेवारीत, सकाळी रजईतून उठताना झाला. पाठीवरून सरळ उठून बसू लागलो तो छातीच्या खळग्यापासून बेंबीपर्यंत एक उभा उंचवटा वर आला. उपडी घातलेली लहानशी होडीच जणू. पुन्हा पाठ टेकली की तो नाहीसा होई. दुखत मुळीच नव्हते. महिनाभर मी हे कोणाला बोललो नाही. दिल्लीच्या थंडीत स्वेटर फार सोयीचा असतो. मनात मात्र ‘अंतर्गळ’ हा शब्द घोळत होता, आणि रात्री दिवा मालवल्यावर त्याहून वाईट असे काही शब्दही येत. अखेर एका वयस्क शल्यचिकित्सकांकडे गेलो. त्यांनी मला उताणे निजविले, गुडघे मुडपावयास सांगितले, बेंबीच्या वर बोटे आडवी ठेवली आणि म्हणाले, “आता नुसती मान उचला.” मान उचलताच त्यांची अडीच बोटे दोन कडांच्या मध्ये रुतली. “हा अंतर्गळ नव्हे,” ते म्हणाले. “भिंतीला भोक पडलेले नाही. भिंत ताणली गेली आहे.”

ही भिंत कशी बांधलेली असते, ते थोडक्यात पाहू. पोटाच्या मध्यभागी दोन उभे स्नायू बरगड्यांपासून जांघेच्या हाडापर्यंत शेजारी शेजारी उतरतात. कसलेल्या मल्लाच्या पोटावर जे चौकोन दिसतात ते यांचेच. हे दोन स्नायू एकमेकांना चिकटलेले नसतात. त्यांच्यामध्ये एक पांढरी, चिवट पट्टी असते; तिचे लॅटिन नाव ‘लिनीया आल्बा’, म्हणजे शुभ्ररेषा. कुशीकडून येणाऱ्या तीन सपाट स्नायूंचे पातळ, चिवट पडदे दोन्ही बाजूंनी येथे येऊन एकमेकांत विणले जातात. नवारीच्या किंवा सुंभाच्या खाटेची वीण डोळ्यांपुढे आणा, म्हणजे ही रचना ध्यानात येईल. बेंबीखाली ही पट्टी दोरीसारखी अरुंद असते आणि बेंबीच्या वर रुंद; म्हणून पुरुषांमध्ये ती सैल पडते ती बहुधा वरच्या भागातच. दोन स्नायूंमधले अंतर दोन सेंटिमीटरांहून अधिक झाले की शल्यचिकित्सक त्याला ‘डायास्टॅसिस’ म्हणतात. तेव्हा स्नायू फाटत नाही, तुटतही नाही. दोन स्नायूंना एकत्र बांधणारी वीण सैल होते, आणि ते एकमेकांपासून दूर सरकतात. शिवाय सैल पडलेली खाट पायथ्याची दोरी ओढून पुन्हा ताणता येते. शुभ्ररेषेला निसर्गाने तशी दोरी दिलेली नाही.

स्त्रियांच्या बाबतीत याचे कारण सर्वांना दिसते. गरोदरपणी गर्भाशय वाढते, पोटाची भिंत ताणली जाते, आणि प्रसूतीनंतर पुष्कळशा स्त्रियांचे अंतर काही महिन्यांत बरेचसे भरून येते. या विकाराची वैद्यकीय माहिती आपल्याला प्रथम त्यांच्यापासूनच मिळाली. पुरुषाला मात्र नऊ महिन्यांची मुदत नाही. त्याच्या पोटात जे काही वाढते ते वर्षानुवर्षे वाढते आणि त्याला बाहेर येण्याची तिथी नसते!

डॉक्टरांनी मला एकामागून एक प्रश्न विचारले. त्या वेळी ते मला असंबद्ध वाटले. पुढे कळले, की प्रत्येक प्रश्नामागे एकेक कारण उभे होते.

“खोकला असतो का?” हा पहिला प्रश्न. दिल्लीकराला हा प्रश्न विचारणे म्हणजे समुद्रकाठच्या माणसाला मीठ ठाऊक आहे का, असे विचारण्यासारखे आहे. दिवाळीच्या सुमारास येथील आकाश करडे होते आणि घराघरांतून खोकल्याचे आवाज येऊ लागतात. खोकताना पोटातला दाब क्षणभर फार चढतो. आठवडाभराच्या पडशाने काही बिघडत नाही. परंतु दम्याचा, विडी-सिगारेटचा किंवा जुनाट श्वासविकाराचा खोकला वर्षानुवर्षे भिंतीवर आतून ठोसे मारीत राहतो. दुसरा प्रश्न शौचाला कुंथावे लागते का, आणि तिसरा लघवीला जोर करावा लागतो का, असा होता. पन्नाशीनंतर प्रोस्टेटची ग्रंथी वाढली की कित्येक पुरुष जोर करून लघवी करतात आणि लाजेखातर ते घरातही सांगत नाहीत. याही जोराचा भार त्याच पट्टीवर येतो.

चौथा प्रश्न जड वस्तू उचलण्याचा होता. वजन उचलताना आपण श्वास कोंडून पोट आवळतो. कोंडलेल्या श्वासाने जोर करण्याच्या या क्रियेला व्हाल्सॅल्व्हा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाचे नाव मिळालेले आहे. 1704 साली कानावरील ग्रंथात त्याने तिचे वर्णन केले. पाठीच्या कण्याला तिचा आधार होतो, पण भार पोटाच्या पुढच्या भिंतीवर येतो. आझादपूरच्या बाजारात बटाट्याची पोती वाहणारे पल्लेदार आणि आपल्याकडचे माथाडी कमरेला फडके घट्ट आवळतात ते उगीच नव्हे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने 1967 सालच्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने उचलावयाच्या ओझ्यासाठी 55 किलोग्रॅमचा आकडा घालून दिला. तथापि नुसत्या ओझ्याने हा विकार व्हावा असे क्वचितच घडते. सडपातळ, कष्टाळू हमालाच्या पोटापेक्षा खुर्चीत बसणाऱ्या कारकुनाच्या पोटावर ही होडी अधिक वेळा तरंगताना दिसते. ओझे हे कारणाला हातभार लावते, एवढेच.

मग मुख्य कारण कोणते? मला खोकला नव्हता, बद्धकोष्ठ नव्हते, आणि फायलींपलीकडे मी काही उचललेले नव्हते. डॉक्टरांनी टेबलाच्या खणातून शिंप्याची टेप काढली आणि माझ्या पोटाभोवती, बेंबीच्या पातळीवर धरली. अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर! “पण माझ्या पाटलोणीचे माप दहा वर्षांत बदललेले नाही,” मी म्हणालो. ते हसले. पट्टा पोटाखाली सरकत जातो. पाटलोणीचे माप कायम राहते. किती पुरुष या एका पुराव्यावर स्वतःला निर्दोष ठरवीत असतील, देव जाणे.

पोटावरची चरबी दोन प्रकारची असते. एक कातडीखाली, भिंतीच्या बाहेर; ती चिमटीत धरता येते. दुसरी भिंतीच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृताभोवती. बाहेरची चरबी लोंबते. आतली भिंतीला ढकलते. जपानातले सूमो मल्ल अवाढव्य असतात, परंतु त्यांच्यापैकी जे कसून सराव करतात त्यांची चरबी बहुतांशी कातडीखालची असल्याचे तिकडच्या वैद्यांना आढळले. आपले याच्या उलट आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. यूडकिन या दोघांनी 2004 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांच्या उंची-वजनाचे गुणोत्तर अगदी सारखे, 22.3. पण शरीरातील चरबीचे प्रमाण यूडकिन यांच्यात 9.1 टक्के, तर आपल्या याज्ञिकांत 21.2 टक्के! हातपाय काटकुळे आणि चरबी पोटाशी, ही भारतीय शरीराची ठेवण आहे, आणि पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतील नवजात अर्भकांतही तिची चाहूल लागते, असे याज्ञिकांचे संशोधन सांगते. म्हणूनच भारतीय पुरुषासाठी कमरेच्या घेराची मर्यादा पाश्चात्त्यांपेक्षा खाली, 90 सेंटिमीटरवर ठेवली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत शंभरांतील सुमारे चाळीस प्रौढांचे पोट मर्यादेबाहेर आढळले.

येथे एक पदार्थविज्ञानाचा नियम आड येतो. लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने तो प्रसिद्ध आहे. आतला दाब तोच राहिला तरी पोकळीची त्रिज्या वाढेल तसा भिंतीवरचा ताण वाढतो. अर्थात सुटलेले पोट अधिक सुटण्यास पहिल्यापेक्षा कमी निमित्त पुरते. तेवढ्यात वयही आपले काम करीत असते. शुभ्ररेषेचे धागे ज्या कोलॅजनचे बनलेले असतात, त्याची वीण चाळिशीनंतर पूर्वीसारखी राहत नाही. काहींचे धागे जन्मतःच दुबळे असतात; जांघेतला अंतर्गळ झालेल्या, तसेच पोटातील महाधमनी फुगलेल्या पुरुषांत हे अंतर अधिक वेळा आढळते, ते यामुळेच असावे. काही पुरुष वजन पुष्कळ उतरवितात आणि मग होडी अधिकच स्पष्ट दिसू लागल्याने चकित होतात. आतला रेटा गेला तरी ताणलेली पट्टी तशीच राहिलेली असते, आणि वरचे पांघरूणही गेलेले असते.

या अवस्थेत उत्साही पुरुष पहिली गोष्ट करतो ती पाठीवर निजून उठाबशा काढण्याची. मीही केली. लोदी उद्यानात पहाटे असे कितीतरी गृहस्थ चटईवर निजून धड उचलताना दिसतात, आणि कित्येकांच्या बनियनाखाली प्रत्येक उठण्याबरोबर तो उंचवटा वर येतो. ज्या हालचालीने होडी वर येते तिने पट्टीवर ताणच पडतो. खोलवरचा, पट्ट्यासारखा आडवा स्नायू हळूहळू आत ओढण्याचा व्यायाम तिच्यापेक्षा बरा, असे माझ्या डॉक्टरांचे मत. बिछान्यातून उठताना आधी कुशीवर वळावे, असेही त्यांनी सांगितले. शस्त्रक्रिया करून पट्टी शिवून घट्ट करता येते, पण पुष्कळांना तिची गरज पडत नाही. या भागात अंतर्गळही असू शकतो, म्हणून एकदा तपासून घेणे आवश्यक. त्यातून उंचवटा कडक होऊन आत जाईनासा झाला, दुखू लागला, उलट्या होऊ लागल्या, तर मात्र सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे; तो अडकलेला अंतर्गळ असू शकतो.

शिंप्याची एक टेप मी त्याच दिवशी सरोजिनी नगरच्या बाजारातून आणली. दीड वर्षात आकडा अठ्ठ्याण्णववरून त्र्याण्णववर आला आहे. दोन स्नायूंमधले अंतर मात्र अजून अडीच बोटेच भरते.