खो-खो: बसलेल्यांकडे बघा

रुफस आयझॅक्स या गणितज्ञाने 1965 च्या पुस्तकात एक कोडं मांडलंय: गाडी वेगवान, पण चटकन वळत नाही, माणूस हळू, पण चपळ. कोण जिंकेल? मला थेट खो-खो आठवला.

पळणारे तिघे, मागे एकच. सोपं वाटतं ना? पण आठजण आलटून-पालटून तोंडं करून बसलेत. पळणारा त्यांच्यामधून इकडून तिकडे जाऊ शकतो. पाठलाग करणाऱ्याला मधली रेघ ओलांडता येत नाही. बाजू बदलायची तर खांबाला वळसा, आणि धरलेली दिशा मध्येच सोडायची नाही. म्हणून तो पायांनी कमी, 'खो'ने जास्त पकडतो. बसलेला अडथळा क्षणात शिकारी होतो!

पळणारा साखळी खेळतो, म्हणजे एकेकामधून नागमोडी जातो. नाहीतर खांबाजवळच्या दोघातिघांभोवती गोल फिरतो. साखळीत लय सापडते, मजा येते (मलाही यायची), पण तीच लय समोरच्यालाही सापडते.

शाळेत मी असाच बाद झालो. मागच्याला हुलकावणी दिली, पुढचा उठला. सरांनी फक्त विचारलं, "अरे, त्याचं तोंड कुठल्या बाजूला होतं?"