भोकाचा पैसा

(उमरखेड येथील प्रौढ साक्षरता वर्गापुढे दिलेले भाषण)



आज मी तुम्हांला दाखवायला एक पैसा आणला आहे. हा बघा. याच्या मधोमध भोक आहे. माझ्या आईच्या पेटीत तो सापडला. मुले मला विचारतात, "गुरुजी, पैशाला भोक कशाला हो?" त्याचे उत्तर द्यायचे तर थेट सातासमुद्रापलीकडे जावे लागते.

१९३९ सालच्या सप्टेंबर महिन्यात युरोपात मोठी लढाई पेटली. जर्मनीच्या हिटलरने पोलंड देशावर हल्ला केला. म्हणून इंग्लंड आणि फ्रान्स त्याच्याविरुद्ध उभे राहिले. पुढे जपान आणि अमेरिकाही तीत उतरले. सहा वर्षे ही लढाई चालली. तिला दुसरे महायुद्ध म्हणतात.

आता आपला देश या लढाईत कसा पडला ते ऐका. तेव्हा आपल्यावर इंग्रजांचे राज्य होते. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी जाहीर केले की, हिंदुस्थानही युद्धात आहे. गांधीजींना विचारले नाही. नेहरूंना विचारले नाही. लोकांनी निवडून दिलेल्या कोणालाच विचारले नाही. समजा, तुमच्या शेताचा कागद झाला आणि कोणी तुमचा अंगठा धरून त्यावर उठवला, तर तुम्हांला कसे वाटेल? तसेच हे झाले.

हिटलरचे राज्य जुलमी होते, हे आपले पुढारीही सांगत होते. पण ते म्हणत, "आम्हांला स्वातंत्र्य नाही, तर दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी आम्ही कसे लढावे?" प्रांतांतल्या काँग्रेसच्या मंत्र्यांनी राजीनामे दिले. त्यांत आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्रीही होते. १७ ऑक्टोबर १९४० ला विनोबांनी आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, पवनारला, युद्धाविरुद्ध भाषण केले. त्यांना तुरुंगात टाकले.

तरीही माणसे पलटणीत गेली. कोणी घराण्याची रीत म्हणून गेला. कोणी कोरडवाहू शेतात पोट भरेना म्हणून गेला. सक्ती नव्हती. तरी सैन्याचा आकडा पंचवीस लाखांवर गेला. आपले शिपाई आफ्रिकेत लढले, इटलीत लढले, ब्रह्मदेशच्या जंगलात लढले. सुमारे ८७ हजार जण परत आले नाहीत.

त्यांतल्या दोघांची नावे लक्षात ठेवा. यशवंत घाडगे हे कोकणातल्या माणगाव तालुक्याचे. १० जुलै १९४४ ला इटलीत त्यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. सोबतचे सगळे पडले. घाडगे एकटे त्या मशीनगनवर धावून गेले. पुन्हा गोळ्या भरायला वेळ नव्हता, तेव्हा बंदुकीच्या दांड्याने लढले. ते ठाणे त्यांनी घेतले, पण तिथेच ते कामी आले. वय अवघे बावीस. दुसरे नामदेव जाधव, नगर जिल्ह्याचे. ९ एप्रिल १९४५ ला इटलीतल्या सेनिओ नदीवर त्यांनी दोन जखमी सोबत्यांना एकामागून एक खांद्यावर घेतले. खोल पाणी आणि सुरुंग पेरलेला काठ ओलांडून त्यांना सुखरूप आणले. मग परत जाऊन शत्रूच्या तीन मशीनगन बंद पाडल्या. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस हे मोठे पदक मिळाले. घाडग्यांचे पदक मात्र त्यांच्या माघारी आले. २०२३ साली इटलीतल्या मोन्तोने गावी त्यांचे स्मारक झाले.

आणि ऐका, दुसऱ्या बाजूलाही आपलीच माणसे होती. नेताजी सुभाषबाबूंच्या आझाद हिंद सेनेत सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले मोठे सेनानी होते. ती सेना इंग्रजांविरुद्ध लढली. एकाच देशाची लेकरे समोरासमोर आली. यात कोण शूर आणि कोण भित्रा, असा प्रश्नच नाही. घर आपल्या ताब्यात नसले म्हणजे असे होते.

आता घरची गोष्ट. बंदूक इथे उडत नव्हती, पण चुलीला झळ लागली. रॉकेल मिळेना. कापड मिळेना. साखर मोजून मिळे. काळाबाजार हा शब्द घरोघरी झाला. आपल्या वऱ्हाडच्या आखूड धाग्याच्या कापसाचे जपान हे मोठे गिऱ्हाईक होते. १९४१ साली ते तुटले. चांदीच्या रुपयातली चांदी १९४० सालीच कमी केली होती. तांब्याचीही ओढाताण झाली, कारण धातू लढाईच्या कामाला हवा होता. म्हणून १९४३ पासून पैशाच्या मधला धातू काढून घेतला. हे त्या भोकाचे उत्तर!

१९४२ च्या ऑगस्टमध्ये 'चले जाव' चा पुकारा झाला. १६ ऑगस्टला, ऐन नागपंचमीला, आपल्या विदर्भात आष्टी आणि चिमूरला लोक उठले. गोळीबार झाला, माणसे मेली. १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला. ब्रह्मदेश जपानने घेतल्याने तिकडचा तांदूळ बंद झाला होता. वादळाने पीक नेले होते. शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने लोकांच्या नावा काढून घेतल्या. भाव आभाळाला भिडले. सुमारे तीस लाख माणसे भुकेने आणि रोगराईने मेली. रणांगणावर मेलेल्या आपल्या शिपायांच्या तीसपटीहून हे अधिक झाले.

शेवटी एक घरगुती गोष्ट. ती मला आईने सांगितली. तिच्या माहेरी शेजारी एक म्हातारी होती. तिचा एकुलता एक मुलगा पलटणीत होता. त्याचे पत्र आले की म्हातारी ते पदरात बांधून गावातल्या एका वाचणाऱ्याकडे जाई. तो वाचून दाखवी. म्हातारी विचारी, "सारं वाचलं ना बापा?" तो म्हणे, "सारं वाचलं." पण पत्र असे दोन पाने भरून, आणि वाचणे मात्र दोन ओळींचे. 'मी खुशाल आहे, काळजी करू नको.' बाकी त्याने काय लिहिले होते? भीती लिहिली होती का? कर्जाचे काही लिहिले होते का? मुलगा परत आला नाही. पत्रे राहिली. म्हातारी ती उलगडी, अक्षरांवर बोट फिरवी आणि पुन्हा घडी घाली. मुलाचे अखेरचे बोलणे तिच्या हातात होते, पण तिला ते ऐकू येत नव्हते.

तेव्हा हा पैसा हातोहात फिरवा आणि त्यावरचे साल तुम्ही स्वतः वाचा. मी सांगणार नाही. आणि पुढच्या आठवड्यात प्रत्येकाने बाहेरगावच्या आपल्या माणसाला एक पत्र लिहून आणावे. चुका झाल्या तरी चालतील. पण खाली अंगठा नको, सही हवी.