परदेशात स्टिअरिंग हाती घेण्यापूर्वी
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आठवणी सांगणारे बरेच जण आहेत, म्हणून मी जरा उपयोगाचं बोलते. आपल्यापैकी अनेकांची मुलं परदेशी शिकायला निघाली आहेत. मे महिन्यात आपण त्यांच्याकडे जातो आणि तिथे गाडी चालवायची वेळ येते. कामानिमित्त अमेरिकेत गाडी चालवताना जे समजलं, ते थोडक्यात सांगते.

सुरुवात आपल्या पेठ रोडच्या आरटीओपासून. आंतरराष्ट्रीय परवाना निघण्यापूर्वी इथेच काढायचा. फॉर्म ४-ए, पासपोर्ट, चालू लायसन्स आणि १००० रुपये फी. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार मिळणारा हा परवाना एक वर्ष चालतो. मात्र मूळ लायसन्स सोबत हवंच. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे नियम वेगळे असतात, ते आधी पाहावेत. तिथे राहायला जाणाऱ्या मुलांना ठरावीक मुदतीत तिथलं लायसन्स काढावं लागतं. भाड्याने गाडी घेताना आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर विमा किती, हे विचारून घ्या. तिथलं दवाखान्याचं बिल आपल्याला झेपणारं नसतं.

आता बाजू. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, सिंगापूरमध्ये आपल्यासारखंच डावीकडून. अमेरिका, जर्मनी, दुबईत उजवीकडून. गर्दीत गोंधळ होत नाही, पुढची गाडी वाट दाखवते. धोका असतो तो पहाटे रिकाम्या रस्त्यावर किंवा पेट्रोल पंपातून बाहेर पडताना. एक खूण लक्षात ठेवा : ड्रायव्हरची बाजू नेहमी रस्त्याच्या मध्याकडे. इंडिकेटरही डाव्या हाताला असतो, त्यामुळे पहिले दोन दिवस वळताना वायपर चालू होतात. आणि पाट्या मैलांत असतात. ६५ मैल म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर.

खरा फरक मात्र डोक्यात करावा लागतो. द्वारका चौकात आपण 'समोरचा घुसणारच' असं धरून चालवतो आणि म्हणूनच वाचतो. तिथे समोरचा माणूस 'हा थांबणारच' असं धरून येतो. बऱ्याच चौकांत सिग्नल नसतो, चारही बाजूंना फक्त 'स्टॉप'ची पाटी. चाकं पूर्ण थांबवायची. जो आधी आला तो आधी जातो. दोघे एकदम आले तर उजवीकडच्याला आधी जाऊ द्यायचं. तिथे आपलं 'चल, निघून जाऊ' एखाद्याच्या जिवावर बेतू शकतं.

डिपरचंही तसंच. आपल्याकडे डिपर म्हणजे 'मी येतोय, थांब'. इंग्लंडमध्ये बऱ्याचदा त्याचा अर्थ 'तुम्ही या' असा होतो. म्हणून डिपरवर विसंबू नका.

पोलिसांच्या गाडीचे दिवे मागे लुकलुकले, तर उजव्या कडेला थांबा आणि गाडीतच बसून राहा. हात स्टिअरिंगवर ठेवा. आपल्यासारखं खाली उतरून, 'साहेब, साहेब' करत त्यांच्याकडे जाऊ नका. त्याचा भलताच अर्थ निघतो. कागद मागितल्यावरच काढा.

वीस-बावीस तासांच्या प्रवासानंतर त्याच दिवशी गाडी हाती घेऊ नका. मुलगा दमलेला असला तरी टॅक्सी करा.

शेवटचा नियम स्कूल बसचा. तिचे लाल दिवे लुकलुकू लागले की मागच्याच नव्हे, समोरून येणाऱ्या गाड्याही थांबतात. मध्ये दुभाजक असेल तरच समोरच्यांना बहुतेक राज्यांत सूट असते. मुलं रस्ता ओलांडेपर्यंत कोणी हॉर्न वाजवत नाही. हा नियम पाळायला मात्र व्हिसा लागत नाही. आपल्या शाळेच्या फाटकासमोर आजही मुलं हात वर करून, जीव मुठीत धरून रस्ता ओलांडतात. आज घरी जाताना तिथे पूर्ण थांबू या.