उंबराचे फूल
(वर्षावासानिमित्त विहारात दिलेले भाषण)



कोणी फार दिवसांनी भेटला की आपण म्हणतो, "काय हो, अगदी उंबराचे फूल झालात!" लहानपणी आम्हाला सांगत की, उंबर मध्यरात्री फुलतो आणि ते फूल ज्याला दिसेल त्याचे भाग्य उजळते. आम्ही ते खरे मानले. पाहायला मात्र कधी गेलो नाही, कारण रात्री झाडाखाली जाण्याची भीतीही त्याच मोठ्यांनी घातली होती.

आपल्या विहारामागे उंबर आहे. गेल्या पावसाळ्यात बैठकीत विषय निघाला की फळांचा सडा पडतो, मुले घसरतात, फळांत किडे असतात. तेव्हा झाड काढून टाकावे. काहींना असेही वाटत होते की लोक ज्याला दोरे गुंडाळतात ते झाड विहाराच्या आवारात नकोच. तक्रारी खोट्या नव्हत्या. आम्ही एवढेच म्हटले, निर्णयापूर्वी झाड एकदा नीट पाहू.

त्यानंतर दर रविवारी वंदना झाली की आम्ही पाच-सहा विद्यार्थ्यांसह तेथे बसू लागलो. साहित्य म्हणजे एक ब्लेड, एक भिंग आणि एक वही. जीवहत्या नको म्हणून वाऱ्याने गळालेली फळेच कापा, असे एका वृद्ध उपासिकेने बजावले. ते आम्ही पाळले.

पहिल्याच हिरव्या फळात फूल सापडले. एक नव्हे, मोजता येईनात इतकी! उंबर म्हणजे तोंड मिटलेली फुलांची पिशवीच. आतल्या भिंतीला इवलीशी फुले दाटीने चिकटलेली असतात. पिशवीच्या तोंडावर बारीक खवले असतात. एका फळाच्या तोंडाशी तुटलेला पंख अडकलेला होता आणि आत एक काळसर कीटक मरून पडला होता, जेमतेम दोन मिलिमीटरचा.

ती मादी. गांधीलमाशीच्या कुळातली. दुसऱ्या उंबरावरून पराग घेऊन ती या अरुंद तोंडातून आत शिरते. शिरताना पंख तुटतात. ती फुलांना पराग देते, काही फुलांत अंडी घालते आणि तेथेच मरते. उरलेल्या फुलांचे बी होते. काही आठवड्यांनी नर आधी बाहेर येतात. त्यांना पंखच नसतात. माद्यांशी समागम करून ते फळाला भोक पाडतात आणि मरतात. त्या भोकातून माद्या पराग घेऊन उडतात. भोकाशी लाल मुंग्या टपून बसलेल्या आम्ही पाहिल्या. कित्येक माद्यांचा प्रवास तेथेच संपत होता.

सुटलेल्या मादीचे आयुष्य एक-दोन दिवसांचे. एका झाडाची फळे बहुधा एकाच वेळी पिकतात, म्हणून तिला दुसरा उंबर गाठावा लागतो. एक उंबर तोडला की आसपासच्या उंबरांची साखळीही तेवढी तुटते. वड आणि पिंपळाचेही असेच आहे. प्रत्येकाचा कीटक वेगळा. तांबट, बुलबुल, साळुंक्या आणि रात्री वटवाघळे या फळांवर जगतात. प्रतीत्यसमुत्पाद समजावून सांगताना आता आम्हाला वेगळे उदाहरण शोधावे लागत नाही.

एका रविवारी पाली शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सुत्तनिपाताच्या उरगसुत्तात उंबरावर फूल शोधणाऱ्याची उपमा आहे, शोधूनही काही हाती लागत नाही अशी. आपल्याला तर फूल सापडले. मग उपमा चुकली का?" आम्ही गप्प झालो. पुढच्या रविवारी उत्तर दिले: फांदीवर शोधणाऱ्याला फूल आजही मिळत नाही, आणि अस्तित्वात टिकाऊ सार नाही, हा उपमेचा अर्थ आपल्या ब्लेडने कापला जात नाही. पण प्रश्न विचारलास हेच योग्य केलेस. धम्माला 'एहिपस्सिको' म्हटले आहे. ये आणि पाहा. केवळ परंपरेने आले किंवा ग्रंथात आहे म्हणून स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. तो उपदेश त्यांच्या नावाने सांगितलेल्या वचनांनाही लागू नाही काय?

बुद्धवंसात उदुंबर हा कोणागमन बुद्धांचा बोधिवृक्ष सांगितला आहे. पण तेवढ्यासाठी झाड राखा, असे आम्ही म्हणणार नाही. झाडाला दोरे गुंडाळणारा आणि झाडावर कुऱ्हाड घालू पाहणारा, दोघांनीही ते जवळून पाहिलेले नसते.

विद्यार्थ्यांनी आपली वही बैठकीत वाचून दाखवली. झाड राहिले. पायरीवर येणारी एक फांदी तेवढी छाटली. सडा दर रविवारी मुलेच झाडतात आणि खताच्या खड्ड्यात टाकतात.

विद्यार्थी मित्रहो, बाबासाहेबांनी आपल्याला अंधश्रद्धेतून बाहेर काढले. तेथून पुढे डोळे उघडे ठेवणे हे आपले काम आहे. वंदना संपली की विहारामागे या. भिंग आम्ही आणू.

नमो बुद्धाय! जय भीम!